कोणाकडे आले जी?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, मॅट्रिक १९७२ ची तुकडी)

आदरणीय गुरुजन, मेळाव्याचे अध्यक्ष, शाळेचे आजचे शिक्षक आणि पहिल्या बाकावर बसलेल्या, मागच्या बाकावर बसलेल्या व बराचसा काळ वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या माझ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला आहे 'प्रवासातला आनंद', आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. निवृत्तीनंतर मी एसटीनं फार हिंडतो हे आपल्या तुकडीत सर्वांना ठाऊक आहे, त्यावरून ही निवड झाली असावी. या सभागृहात जग पाहिलेली माणसं बसली आहेत. कोणी अमेरिकेत नातवंडांकडे सहा-सहा महिने राहून आलं, कोणी चारधाम केलं, कोणी नोकरीत असताना अर्धा भारत पालथा घातला. त्यांच्यासमोर मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे ते इथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तिकिटाला व्हिसा लागत नाही. गावाचं नाव पवनी.

हसलात ना? मला वाटलंच होतं. चहाच्या वेळी एका मित्राला विषय सांगितला तर तो म्हणाला, "पवनीत काय आहे बे?" आज मी तुम्हा सर्वांना याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

आपल्याला पवनी माहीत नाही असं नाही. बसस्थानकावर आपण ती पाटी शेकडो वेळा वाचली आहे. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. रस्ता उमरेडवरून, पुढे भिवापूर. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे तिथल्या तिखटाला सरकारी कागदही आहे. पूर्वी इतवारीहून नागभीडला छोटी गाडी जायची. त्या मार्गावर 'पवनी रोड' नावाचं स्टेशन होतं, आणि ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतो तिथून गाव लांब असतं हे प्रवाशानं समजून घ्यायचं असतं. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात ती गाडी थांबली.

अलीकडे पवनी हे नाव वेगळ्या कारणानं कानावर पडतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. तिथल्या 'जय' नावाच्या वाघानं देशभर नाव कमावलं आणि २०१६ साली तो दिसेनासा झाला तेव्हा त्याची शोधाशोधही देशभर गाजली. तेव्हापासून नागपूरची मंडळी पहाटे उठून तिकडे जातात. जिप्सीत बसतात. वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर गाईडला चार शब्द, आणि दुपारी परत. अभयारण्याच्या पाटीवर ज्या गावाचं नाव आहे त्या गावात पाय ठेवायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही. वाघ पाहायला जाणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण वाघ दिसेल याची हमी कोणी देत नाही. गाव मात्र जागेवरच असतं, कधीही जा, दिसतंच.

माझं पवनीला जाणं कामानिमित्त झालं. एका नातेवाइकाच्या जुन्या कागदाची नक्कल आणायची होती. सकाळी अर्ज दिला, नक्कल दुपारी चारनंतर मिळणार होती. हाताशी साडेचार तास. मोबाइल होता, पेपर होता, बसायला बाकडं होतं. समोरच्या टपरीवाल्यानं चहा देता देता विचारलं, "चार वाजेपर्यंत इथं काय करता जी? नदीवर जाऊन या." वेळ काढायचा म्हणून निघालो.

पहिली गंमत म्हणजे हे गाव तटाच्या आत आहे. तीन बाजूंना मातीचा उंच बांध, त्याच्या बाहेर खंदक, आणि चौथ्या बाजूला नदी. आपल्याला किल्ला म्हटला की डोंगर आठवतो, शिवरायांचे गड आठवतात. इथं डोंगर नाही. काळ्या जमिनीवर माणसांनी माती ओढून उभा केलेला हा तट आहे, आणि त्यावर पुढच्या काळात कुठं कुठं दगडी बांधकाम चढलं आहे. गावकरी त्याला पवन राजाचा किल्ला म्हणतात. तटावर आता झाडं आहेत, शेळ्या चरतात, पोरं पतंग उडवतात. वर चढून उभं राहिलं की एका बाजूला कौलारू आणि सिमेंटची घरं, मध्येमध्ये देवळांची शिखरं, आणि पलीकडे वैनगंगेचं पाणी.

देवळं किती म्हणून सांगू! पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. आपण अशा उपाध्यांना फार मनावर घेत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला एक काशी असते. पण पवनीच्या गल्ल्यांतून चालताना एक गोष्ट लक्षात येते, की इथं देऊळ पाहायला वेगळं जावं लागत नाही. किराणा दुकानाच्या शेजारी देऊळ, दोन घरांच्या मध्ये देऊळ, वळणावर देऊळ. पंचमुखी गणपती तर विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. आपला टेकडीचा गणपती त्याच आठांतला. इथल्या गणपतीचं वैशिष्ट्य असं, की एकाच पाषाणावर सर्व बाजूंनी मुखं आहेत. म्हणून त्याला सर्वतोभद्र म्हणतात. तुम्ही कुठूनही या, त्याची तुमच्याकडे पाठ नाही. मला तो गणपती गावाच्या स्वभावासारखाच वाटला.

मग घाट. वैजेश्वराचा घाट, दिवाण घाट. दगडी पायऱ्या, खाली संथ नदी. शिवनीच्या बाजूला मध्य प्रदेशात उगम पावलेली ही नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा करत इथवर येते आणि पुढे गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवरून जात वर्धेला मिळून प्राणहिता होते. घाटावर एक आजी धुणं आटोपून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी विचारलं, "कोणाकडे आले जी?"

हा प्रश्न आपण किती वर्षांत ऐकला नाही! नागपुरात आता आपल्या इमारतीत कोणी नवा माणूस शिरला तर पहारेकरी वहीत सही घेतो, पण 'कोणाकडे आले' हे कुतूहलानं कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "कोणाकडेच नाही आजी, गाव पाहायला आलो." आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग पाहा ना जी. काय दिसलं तं आमाले बी सांगजा."

त्यात थोडी थट्टा होती, हे मला कळलं. पण थट्टेमागे आणखी काही होतं, ते पुढच्या चार-पाच फेऱ्यांत कळत गेलं. आपल्या गावात पाहण्यासारखं काही असेल हे गावातल्या लोकांनाच पटेनासं झालं आहे, कारण ते पाहायला कोणी येत नाही. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. छोट्या गावाचं सौंदर्य हे पाहणाऱ्याच्या पायांवर जगतं. कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही, तर ते तिथं असूनही हळूहळू नाहीसं होतं.

आता टेकडीची गोष्ट सांगतो. पवनीत जगन्नाथ टेकडी नावाची टेकडी आहे. नावावरून कळतं तसं वर जगन्नाथाचं देऊळ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास विभाग आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. विद्यापीठाकडून डॉ. शां. भा. देव होते आणि सर्वेक्षणाकडून जगत्पती जोशी. देवळाखालच्या त्या टेकडीच्या पोटात निघाला बौद्ध स्तूप. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतला. व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६ मीटरचा आहे, म्हणजे आकारानं पवनीचा स्तूप सांचीच्या तोडीचा. गावाजवळच्या चांदकापूरच्या टेकडीतही आणखी एक स्तूप सापडला. उत्खननाचा अहवाल विद्यापीठानं १९७२ साली प्रसिद्ध केला.

आता जरा हिशेब करा. १९६९-७० मध्ये आपण नववीत होतो. इतिहासाच्या तासाला आपण सांची पाठ करत होतो, भारहुत पाठ करत होतो. सांचीच्या तोरणाचं चित्र काढून चार मार्क मिळवत होतो. आणि त्याच हिवाळ्या-उन्हाळ्यात, आपल्याच विद्यापीठाची माणसं, आपल्या शाळेपासून ८० किलोमीटरवर, तशाच स्तूपाची माती बाजूला करत होती. १९७२ साली आपण मॅट्रिक झालो, त्याच साली तो अहवाल छापून निघाला. पुस्तकं तयार होतात, छापली जातात, वाटली जातात, त्यात नवं पोहोचायला वेळ लागतो, हे मला समजतं. पण आज पन्नास वर्षं झाली. या सभागृहात पवनीच्या स्तूपाचं नाव आज पहिल्यांदा ऐकणारे किती आहेत, हात वर करा. पाहा. बहुतेक सगळेच.

याच जगत्पती जोशींनी कच्छमध्ये धोलावीरा शोधून काढलं. धोलावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्यापैकी दोघे-तिघे रण उत्सवाला गेले तेव्हा धोलावीरा पाहून आले, फोटो आपल्या गटावर आले, मी अंगठाही दाखवला. त्याच माणसानं घराजवळ काय शोधलं हे मात्र आपल्या गटावर कधी आलं नाही.

स्तूपाला दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर शिल्पं आहेत आणि ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजाची नव्हे, साध्या माणसांची. त्यांत स्त्रियाही आहेत. कोणी एक खांब दिला, त्याचं नाव खांबावर कोरलं. आज या सभागृहात शिरताना डाव्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी तुम्ही पाहिली असेल. आपलं नाव कितव्या ओळीत आहे आणि बरोबर लिहिलं आहे का, हे प्रत्येकानं तपासलं आहे, मीही तपासलं आहे. ही रीत आपल्याकडे बावीसशे वर्षांची आहे. पवनीच्या माणसानं एक दगड दिला आणि त्याचं नाव सम्राटांच्या नावांइतकंच टिकलं.

एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे आणि त्याचं नावही कोरलेलं आहे, मुचरिंद. हा बौद्ध कथेतला मुचलिंद नागराज. बुद्धाला ज्ञान झाल्यावर वादळी पाऊस आला तेव्हा या नागानं आपला फणा धरून त्याला आडोसा दिला, अशी ती कथा. हे शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नाग, नागपूर, बुद्ध, यांचं नातं आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ पासून ठाऊक आहे. दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवल्याचा उल्लेख केला होता. दीक्षाभूमीचा स्तूप आपण रोज येता-जाता पाहतो. त्याचं फार जुनं भावंड इथून दोन-अडीच तासांवर मातीत आहे, आणि माथ्यावर जगन्नाथाचं देऊळ घेऊन आहे. मला या टेकडीचं फार कौतुक वाटतं. खाली काय आहे ते लोक शतकानुशतकं विसरून गेले, पण ही जागा हात जोडण्याची आहे एवढं विसरले नाहीत.

पवनीनं आपल्याला आणखी काय दिलं? आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनीचे दोन लेख वाचून प्रसिद्ध केले. एक भार घराण्यातल्या भगदत्त राजाचा शिलालेख. दुसरा रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रपकुमाराचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ. क्षत्रप म्हणजे शक. वायव्येकडून आलेली माणसं. त्यांच्यातल्या एकाची आठवण वैनगंगेच्या काठी दगडात राहिली. आज कोणी मला विचारलं की पूर्वी विदर्भ आडबाजूला होता का, तर मी म्हणतो, रुपिअम्माला विचारा.

हा स्तंभ पाहायला पवनीलाही जावं लागत नाही. तो आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. म्हणजे अजब बंगल्यात! शाळेनं आपल्याला अजब बंगल्यात नेलं होतं, आठवतं? १८६३ सालचं ते संग्रहालय. आपण पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर धक्काबुक्की केली, बाहेर येऊन शेंगदाणे खाल्ले आणि घरी गेलो. रुपिअम्म तेव्हाही तिथंच कुठंतरी असणार. तो आपल्याला हाक मारत नव्हता, आणि आपण त्याला ओळखत नव्हतो. वय वर्षं बारा, यात कोणाचाही दोष नाही.

आता एक शंका तुमच्या मनात येईल. हा मास्तर झाला, इतिहास शिकवायला लागला. आनंद कुठं आहे? सांगतो. जुना दगड म्हणजे गाव नव्हे. पवनी हे आज जगणाऱ्या माणसांचं गाव आहे, आणि मला तिथं पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते त्यांच्यामुळे.

बाहेरच्या अंगाला मिरचीचे सातरे आहेत. हंगामात लाल मिरचीचे ढीग आणि त्यांच्याभोवती देठं खुडत बसलेल्या बाया. हात चालतात, तोंडही चालतं, आणि पाहुणा पाच मिनिटांत खोकत बाहेर पडतो तेव्हा सगळ्याजणी हसतात. त्या कशा दिवसभर बसतात, हे विचारलं तर सांगतात, "सवय होते जी." या सवयीला किलोच्या हिशेबानं मजुरी मिळते. आपल्या घरातल्या तिखटाच्या डब्यामागे हे हात आहेत, हे त्या दिवसापासून मी विसरलो नाही.

पवनी एके काळी विणकरांची. कोष्टी समाजाची घरं, अतिशय बारीक सुताचं कापड, रेशमी काठ. नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरण्यांचा स्वस्त कपडा गावोगावी गेला, आणि हातमागाचं पोट हळूहळू आवळत गेलं. कित्येक घरांतले हात मग गिरण्यांकडे आणि शहरांकडे वळले. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा विणकर होते त्यांनी घरी विचारून पाहावं, मूळ गाव कोणतं. उमरेड, भंडारा, मोहाडी, पवनी यांपैकी एखादं नाव निघण्याची शक्यता बरीच आहे. आणि तसं नाव निघालं तर घाटावरच्या आजींच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे. माझ्याकडे नव्हतं.

नदीचीही गोष्ट सोपी नाही. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. ३३ दरवाज्यांचं ते धरण पाहायला लोक जातात, पाणी सोडलेलं असेल तेव्हा तर जत्राच असते. पण त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं नव्या वसाहतींत गेली, मासे धरणाऱ्या ढिवरांचं नदीशी असलेलं जुनं गणित बदललं. ऑगस्ट २०२० च्या पुरात खालच्या गावांनी काय सोसलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. एका नावाड्याला मी विचारलं, "नदी पहिल्यासारखी राहिली का?" तो म्हणाला, "नदी आता आपल्या मनानं येत नाही जी, सोडली तं येते." धरणावर मी बरंच वाचलं होतं, पण या एका वाक्यात जे होतं ते वाचण्यात आलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, छोट्या गावाची मोहिनी ही पोस्टकार्डावरची नसते. नाल्या उघड्या असतात, तटाची माती कुठंकुठं खचलेली असते, पाट्या नसतात, असलेल्या वाचता येत नाहीत. तिथं तुमच्यासाठी काही सजवून ठेवलेलं नसतं. आणि म्हणूनच जे दिसतं ते तुमचं स्वतःचं असतं. मोठ्या स्थळी आपण आधी पाहिलेल्या फोटोशी खरं दृश्य ताडून पाहतो आणि परत येतो. पवनीचा फोटो आधी पाहिलेलाच नसतो. तिथं तुम्हाला विचारावं लागतं. विचारलं की माणूस दुकान सोडून दोन गल्ल्या तुमच्याबरोबर चालत येतो. मला जगन्नाथ टेकडीपर्यंत असाच एक सायकल दुरुस्तीवाला सोडून गेला. ट्यूब पाण्यात बुडवून ठेवली होती, ती तशीच सोडून.

अशा प्रवासाची कृती अगदी साधी आहे. काम एक ठेवा, वेळ तीनपट ठेवा. गाडी गावाबाहेर उभी करा आणि चाला. पहिला चहा बसस्टँडवर घ्या, दुसरा गावात. देवळात गेलात तर पुजाऱ्याशी बोला, पण देवळाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याशी आधी बोला. आणि परत आल्यावर जे पाहिलं त्याबद्दल थोडं वाचा, म्हणजे दुसऱ्यांदा जावंसं वाटतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्तूप माझ्यासाठी एक टेकडी होती. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तीच टेकडी बोलायला लागली.

शेवटी माझी मागणी. भाषण करणाऱ्याला हार-नारळ मिळतो. मला त्याऐवजी एक बस हवी आहे.

आपल्या तुकडीनं सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून वॉटर कूलर होईल, संगणक होतील, चांगलंच आहे. त्यातला छोटा वाटा दरवर्षी नववीच्या एका सहलीसाठी राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. आदल्या आठवड्यात मुलांना अजब बंगल्यात न्यायचं आणि रुपिअम्माच्या स्तंभासमोर उभं करायचं. मग बसनं पवनी. सकाळी तट, मग पंचमुखी गणपती, मग जगन्नाथ टेकडी, घाटावर डबे खायचे, दुपारी गोसीखुर्दचं धरण. संध्याकाळी परत. परतल्यावर प्रत्येकानं एका माणसाशी झालेलं बोलणं एका पानावर लिहायचं. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि मराठी, चारही विषय एका दिवसात होतात, आणि मुख्याध्यापकांना सांगतो, एकाही मुलाला झोप येत नाही.

नववीच का? कारण आपण नववीत असताना तो स्तूप निघाला होता आणि आपल्याला कळलं नाही. आता कळलं आहे. जे पन्नास वर्षं उशिरा आपल्यापर्यंत पोहोचलं ते या मुलांपर्यंत वेळेवर पोहोचावं.

आणि यात फायदा फक्त मुलांचा नाही. दरवर्षी साठ मुलं वही-पेन्सिल घेऊन तटावर चढताना दिसली, टेकडीबद्दल विचारताना दिसली, तर पवनीतल्या पोरांनाही वाटेल की अरे, आपल्या टेकडीत काहीतरी आहे. मग ते तटाची माती नेणाऱ्याला टोकतील. मग कोणी पाटीही लावेल. जतन सरकारनं करायचं असतं हे खरं, पण कशाचं करायचं हे आधी लोकांच्या नजरेनं ठरतं.

संयोजकांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिलं आहे. पहिल्या सहलीला सोबत जाण्यासाठी चार माणसं हवी आहेत. अट एकच, चालता आलं पाहिजे. गुडघे बदललेले असले तरी चालतील. माझं नाव मी लिहून ठेवलं आहे. उरलेली तीन नावं जेवणाच्या रांगेत माझ्याकडे द्यावीत. बस आपण शाळेच्या फाटकातून सकाळी सहाला काढू, म्हणजे उमरेडला पोहे खाऊन उन्हं चढायच्या आत पोहोचता येईल.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, वर्गात असं कधी झालं नव्हतं.